पहिल्या पाण्याच्या सतरा वह्या

लॅबमध्ये तिला सगळे 'दोनबाटली' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

पाणीपुरवठ्याच्या लॅबचा नियम असा, की नमुना घ्यायच्या आधी नळ दोन मिनिटं सोडायचा. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी वाहून गेलं की मग बाटली भरायची. ती नियमाची बाटली भरायचीच. पण त्याआधी, नळ सोडल्या सोडल्या, एक बाटली पहिल्या पाण्याची. नऊ वर्षं, रोज सकाळी, स्वतःच्या तोंडात चहाचा घोट जायच्या आधी. थेंब टाकले की नियमाची बाटली गुलाबी व्हायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पहिल्या पाण्याची कितीदा तरी कोरीच राहायची. गुलाबी तेवढं साहेबांच्या तक्त्यात जायचं, कोरं तिच्या वहीत. अशा सतरा वह्या झाल्या होत्या.

त्या वह्यांवरच तिला पीएचडी करायची होती. प्रवेशपरीक्षा पास झाली होती; पण तो निकाल तीनच वर्षं चालतो, आणि तिसरं वर्ष या शुक्रवारी संपत होतं. आराखडा लिहून तयार. घोडं अडलं होतं गाइडपाशी: शुक्रवारच्या आत कुणाचं तरी संमतिपत्र हवं होतं. जागा शिल्लक असलेल्या सहा गाइडांची यादी स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टाचलेली होती, आणि चार नावांवर काट बसली होती.

"एक्केचाळिसाव्या वर्षी शिकायचं म्हणजे वरातीमागून घोडं गं," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"घोडं पोचल्याशी कारण, आई."

"आणि दार लावून घेतलं असेल तर?"

"तर वाजवीन."

"वाजव बाई. पण डबा घेऊन जा. ही मोठी माणसं बसवून ठेवतात."

तसंच झालं. पाचव्या नावाचे प्राध्यापक विभागप्रमुख होते. त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर तिचे तीन तास गेले. आत बोलावल्यावर तिनं तीन वह्या पुढे ठेवल्या. त्यांनी दोन पानं उलटली.

"मॅडम, हे सगळं बाद आहे. नळ न सोडता नमुना? पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा अशी चूक करत नाहीत."

"चूक नाही, सर. शेजारच्या रकान्यात नियमाची बाटलीही आहे."

"मग तेवढीच ठेवा ना!" त्यांनी वही मिटली. "हे बघा, तुमचा हात चांगला दिसतोय. माझा फिल्टरचा विषय तयार आहे. हे माझं संमतिपत्र. फक्त तुमचं नाव घालायचं. त्या वह्या द्या माळ्यावर टाकून."

कागद खरा होता. खाली सही, सहीवर शिक्का, आणि शुक्रवार अवघा तीन दिवसांवर. तिचा हात टेबलावर गेला, कागदाच्या कडेला टेकला आणि तिथंच राहिला.

"सर, एक विचारू? सकाळी उठल्यावर तुम्ही नळ दोन मिनिटं सोडून मग पेला भरता?"

"एवढा वेळ कुणाला आहे?" ते हसले.

"मग माझ्या वहीतलं पाणी तुम्ही पिता, सर. तक्त्यातलं कुणीच पीत नाही."

हसू मावळलं. "तुम्ही प्रवेश मागायला आलात की वाद घालायला?"

"प्रवेश मागायला. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही मला. हवा तो याच विषयासाठी."

"मग मिळणार नाही. कुठंच मिळणार नाही, लिहून देतो!"

"लिहूनच द्यायचं तर संमतिपत्र द्या. विषयाची ओळ कोरी ठेवून."

त्यांनी दाराकडे बोट केलं. तिनं वह्या पिशवीत घातल्या. कागद पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर त्यांचाच पेपरवेट ठेवला, "येते, सर," म्हणाली आणि बाहेर त्याच बाकावर बसून सावकाश डबा संपवला.

घरी येऊन तिनं पाचव्या नावावर काट मारली.

"नाही म्हणाले?"

"मी म्हणाले."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मला विचारलं असतंस तर 'घे' म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं, आई."

सहावं नाव दुसऱ्या कॉलेजातल्या एका बाईंचं. त्यांना मेल आधीच गेली होती. गुरुवारी सकाळी ती नळांची फेरी करून आली तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं: 'आराखड्यात नळ सोडल्याचा उल्लेख नाही. नजरचुकीनं राहिला असेल तर दुरुस्त करून आजच पाठवा.'

सासूबाई चष्मा सावरत पाठीशी आल्या. "एवढंच ना? टाक की! कोण बघायला येतंय नळाशी?"

"मी असते की रोज."

तिनं टाइप केलं: 'नजरचूक नाही. नळ मुद्दाम सोडलेला नाही. घरात कुणी सोडत नाही.' परत वाचलंही नाही. पाठवून दिलं आणि कणीक मळायला घेतली.

कणीक मळून होते न होते तोच फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून सासूबाईंनीच मेल उघडली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचली: 'उद्या अकराला या, संमतिपत्र देते. सगळ्या वह्या आणा. आमची समिती हे सहजी मान्य करणार नाही, भांडायच्या तयारीनं या.'

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "आता सतरा वह्या वाहून न्यायच्या!"

"नेईन की," ती म्हणाली. "डबा तेवढा मोठा द्या."