शेजाऱ्याचं बोट

शेवटी इस्त्रीवालीने बोट दिलं नाही. हे आम्ही सांगितलं असं कुणाला सांगू नका, कारण समितीच्या दप्तरी असं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असं समजून पुढे जाऊ.

इमारतीत चोऱ्या होत नव्हत्या, म्हणून सुरक्षा आणायचं ठरलं. आठ घरांच्या किल्ल्या गेल्या, बोट टेकवून उघडणारी कुलपं आली. यंत्र एका देशातलं, माहितीपुस्तिका दुसऱ्या देशातली, भाषा तिसरीच. कुलूपवाल्याने चित्रं बघून काम उरकलं आणि सगळी बोटं एका घराने पुढे सरकवली. ज्याच्या त्याच्या बोटाने आपलं सोडून शेजारचं दार उघडू लागलं. इस्त्रीवालीचं दार उघडे शेजारच्या मास्तरांच्या बोटाने, आणि तिच्या बोटाने समितीच्या अध्यक्षांचं.

चार दिवस सगळ्यांनी कुलूपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाचव्या दिवशी इस्त्रीवाली दुकानात असताना तिचे बाबा न्हाणीघरात पडले. हाक मास्तरांनी ऐकली. दोन वर्षं तिच्याशी अबोला धरलेले मास्तर चहा तसाच टाकून धावले, बोट टेकवून आत शिरले. बाबांचा खुबा वाचला नाही, बाबा वाचले.

"रविवारी कुलूपवाला येतोय," अध्यक्ष दुकानात येऊन म्हणाले. हातात दुधाची पिशवी. स्वतःच्या घरात शिरायला त्यांना रोज तिची मनधरणी करावी लागे. "आता ज्याचं दार, त्याचंच बोट. आठही जण लागतील, एक जरी कमी पडला तर यंत्र ऐकत नाही."

"मी नाही देणार."

"अगं बाई, सुरक्षेचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच. बोट माझं, मी इथे, आणि बाबा तिथे पडले तर? इस्त्री धाडू?"

"आणि उद्या मास्तरांनी चोराला आत घेतलं म्हणजे?"

"मास्तर सख्ख्या भाच्याला आत घेत नाहीत, काका."

"बरं, निदान आत्ता तरी चल. दूध नासेल."

"एवढी कॉलर झाली की निघू."

रविवारी सहा जणांनी बोटं टेकवली. इस्त्रीवाली खुर्चीत बसून राहिली, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. अध्यक्षांनी नियम वाचला. यंत्राने तीनदा 'टूं' केलं. मग मास्तरांनी आपली खुर्ची ओढत तिच्या शेजारी आणली.

"माझं बोट तिथे रुळलंय," ते म्हणाले. "बदलीला माझी हरकत आहे."

"असलं तोंडी चालत नाही," अध्यक्ष कडाडले. "लेखी द्या!"

तिने कपड्यांच्या पावतीमागे तिथल्या तिथे लिहून दिलं:

"विषय: चूक कायम करण्याबाबत. महोदय, सदर इमारतीतील कुलपांची चूक दुरुस्त न करता तीस सेवेत कायम करण्यात यावे. तसेच ज्या रहिवाशाचे दार केवळ त्याच्या स्वतःच्याच बोटाने उघडते, त्यास असुरक्षित घोषित करून तातडीने एक शेजारी मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती."