दुसऱ्या ग्रहावर जाऊन आलेली घोंगडी

मित्रांनो, तुम्ही आमच्या घरी आलात तर सगळ्यात आधी माझ्यावरच बसाल, आणि बसल्या बसल्या "अगं बाई, किती टोचतंय" असे म्हणाल. टोचते मी, कबूल आहे. मी एक जुनी काळी घोंगडी आहे. माझे काठ विरले आहेत, एक कोपरा उंदरांनी चाखून पाहिला आहे आणि डाव्या अंगाला पांढऱ्या लोकरीचे बोराएवढे ओबडधोबड ठिगळ आहे. तरीही छाती असती तर मी ती फुगवून सांगितले असते की साऱ्या सातारा-सांगलीत माझ्यासारखी घोंगडी दुसरी नाही. का, ते ऐका.

माझा जन्म माणदेशातला. आप्पासो काळेल नावाच्या तरण्या मेंढपाळाने आपल्याच मेंढरांची लोकर कातरली. त्याची बायको हरणाबाई, तिने ती पिंजून सूत काढले. म्हसवडच्या एका सणगराने खड्ड्यातल्या मागावर बसून मला विणले आणि चिंचोक्यांची खळ पाजून उन्हात वाळत घातले. तेव्हा मी अशी ताठ होते की कोणी उभी केली असती तर तशीच उभी राहिले असते. आप्पासोने माझे एक टोक दुमडून मला डोक्यावरून पाठीवर सोडले. याला आमच्याकडे खोळ म्हणतात. त्या दिवसापासून आप्पासोच्या पाठीवर येणारे ऊन, वारा, पाऊस आधी माझ्यावर येऊ लागले.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या माळावर एके दिवशी तीन मोटारी आणि एक ट्रक येऊन थांबला. त्यातून चंदेरी कपडे घातलेली माणसे उतरली. मेंढरे जी उधळली ती थेट ओढ्यात जाऊन थांबली! ती माणसे 'ध्रुवापार' नावाची मालिका करत होती. एक अवकाशयान घर शोधत ताऱ्यांमधून फिरते, अशी ती गोष्ट. दर रविवारी सकाळी ती टीव्हीवर लागे आणि तेवढा वेळ शहरातले रस्ते ओस पडत, असे मी पुढे ऐकले. शेवटच्या भागात त्यांना एक ओसाड तांबडा ग्रह दाखवायचा होता. त्यांनी बरीच ठिकाणे पाहिली म्हणे, आणि शेवटी आमचा माळ पसंत पडला. हरणाबाईला याचा राग आला होता. आपले गाव कोणी परका ग्रह म्हणून पसंत करावे, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे.

त्या ग्रहावर एकच रहिवासी होता. त्याचे काम करणारा नट उन्हाने तापून आजारी पडला. दिग्दर्शक डोके धरून बसले होते, इतक्यात त्यांना टेकाडावर मला पांघरून उभा असलेला आप्पासो दिसला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हाच. काही बदलू नका. जसा आहे तसा चालू दे त्याला."

संध्याकाळ होईपर्यंत मला कोणीतरी एका मोठ्या दिव्यावर टाकून ठेवले. लोकर जळाल्याचा वास आला तेव्हा धावपळ झाली, पण माझ्या डाव्या अंगाला भोक पडायचे ते पडलेच. दुसरी घोंगडी आणायला वेळ नव्हता. आप्पासोने मला तशीच पांघरली. पलीकडून तोच दिवा लावलेला होता. आप्पासो टेकाडावरून मेंढरांपाठोपाठ चालत गेला आणि त्या भोकातून उजेड आला. समोरची सगळी माणसे गप्प झाली. मला वाटले, पुन्हा काही जळाले की काय. नंतर कळले की काळ्याकुट्ट आकृतीच्या खांद्यावर एक चांदणी उगवलेली दिसत होती.

आप्पासोला बजावले होते की मागे पाहायचे नाही. तरी त्याने टेकाडाच्या माथ्यावर एकदा थांबून मागे पाहिलेच. दिग्दर्शकांनी मात्र ते तसेच ठेवले. जाताना त्यांच्यातल्या एका पोराने आप्पासोचे नाव चिठ्ठीवर लिहून घेतले. आमच्या माळावर वारा कसा असतो ते त्याला ठाऊक नव्हते. चिठ्ठी उडाली, आणि पोराने ते कोणाला सांगितले नाही.

घरी आल्यावर हरणाबाईने भोक पाहून सगळ्या मोटारींचा उद्धार केला. काळी लोकर संपली होती, म्हणून तिने हाताशी होती ती पांढरी लोकर घेऊन ते बुजवले. तेच हे ठिगळ.

शेवटचा भाग टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही मेंढरे घेऊन कराडजवळ कृष्णाकाठी उतरलो होतो. एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली होती. त्यांच्या सोप्यात टीव्ही होता आणि अंगणभर माणसे होती. आप्पासो मला झटकून, खांद्यावर घेऊन, नवा पटका बांधून गेला. मालिका सुरू झाली आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "मेंढरं हरभऱ्यात घुसली!" आप्पासो पळाला. परत येईपर्यंत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

गावी परतल्यावर त्याने चार लोकांत सांगितले, "त्यो माणूस मीच हुतो." लोकांनी विचारले, "तोंड कुठं दिसलं? नाव कुठं आलं?" नाव आलेच नव्हते. शेवटच्या पाट्यांमध्ये 'ग्रहवासी' असे लिहिले होते आणि पुढची जागा कोरी होती. झाले! गावाने त्याचे नाव आभाळातला आप्पा ठेवले. लग्नात, यात्रेत, बाजारात, जिथे जाईल तिथे तेच. तो काही वर्षे हसून घ्यायचा. मग त्याने ती गोष्ट सांगणे सोडले. हरणाबाई मात्र भांडायची. तिने नवऱ्याला एकच खोटे बोलताना पकडले होते, ते म्हणजे भूक नाही असे तो दुष्काळात म्हणायचा ते. तो खरा होता हे गावाने एकदा मान्य करावे, एवढेच तिला हवे होते. मला तोंड असते तर मी साक्ष दिली असती. पण घोंगडीची साक्ष कोण काढतो?

वर्षे गेली. खांदा झुकला तशी मी खांद्यावरून उतरले आणि पाहुण्यांसाठी अंथरली जाऊ लागले. आमच्यात पाहुण्याला उघड्या भुईवर बसवत नाहीत. घोंगडी अंथरायची, मग पाणी द्यायचे, मग कोण कुठला ते विचारायचे.

गेल्या हिवाळ्यात असेच पाच-सहा पाहुणे आले. सांगलीहून. त्यांचे पुढारी दिग्विजय सर, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. त्यांच्याबरोबर सोनम नावाची तरुणी होती. ती 'ध्रुवापार'च्या चाहत्यांच्या मंडळाचे वार्तापत्र काढते. मालिकेच्या मूळ फिती पुसल्या गेल्या होत्या. शेवटचा भाग एका चाहत्याने घरी टीव्हीवरून उतरवून घेतला होता, तेवढाच वाचला. सोनम तो साफसूफ करत होती आणि सर तांबड्या ग्रहाचा माळ शोधत होते. गावातल्या चहाच्या टपरीवर कोणीतरी हसत हसत सांगितले होते, "आभाळातल्या आप्पाकडं जावा की!"

हरणाबाईने मला अंथरले. सगळे बसले. प्रत्येकाच्या छातीवर एकसारखा बिल्ला होता, काळ्या गोलात एक पांढरी चांदणी. ग्रहवाशाच्या खांद्यावरच्या चांदणीचा अर्थ काय, यावर या मंडळींनी तीस वर्षे वाद घातले आहेत. सरांनी त्यावर पुस्तिकाही लिहिली आहे. आणि मित्रांनो, ती सगळी विद्वान मंडळी माझ्यावर मांडी घालून चहा पीत होती!

"आमचं मालकच हुतं त्यात," हरणाबाई म्हणाली.

सर मायेने हसले. "आजी, आम्ही नऊ गावं फिरलो. प्रत्येक गावात ग्रहवासी भेटला."

हरणाबाईचा चेहरा उतरला. आप्पासो भिंतीला टेकून बसला होता. चहा संपला आणि सोनमने उठण्यासाठी हात टेकला, तो नेमका माझ्या ठिगळावर.

"आजी, हे पांढरं काय आहे?"

"त्यास्नीच इचारा की, ज्यांनी दिव्यावर टाकून घोंगडं जाळलं! काळी लोकर न्हवती, मग काय करनार? लावलं पांढरं."

सोनमने हात उचलला. तिने आपल्या बिल्ल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती हळूच माझ्यावरून उतरून बाजूला उभी राहिली. मग दुसरा उठला, तिसरा उठला. देवाच्या पाटावर चुकून बसल्यासारखी त्यांची गत झाली. एकाने तर बशी ठेवलेली जागा रुमालाने पुसली.

सर मात्र खरे शिक्षक. त्यांनी तपासणी सोडली नाही. "आजोबा, रागावू नका. कोणत्याही घोंगडीला भोक पडतं. मला एकच सांगा, ग्रहवाशाने शेवटी मागे का पाहिलं?"

पुस्तिकेत सरांनी या प्रश्नाला बारा पाने दिली होती. माणसाच्या जातीला दिलेला तो निरोप होता, असे त्यांचे मत होते.

आप्पासो घसा खाकरून म्हणाला, "कोकरू ऱ्हायलं हुतं मागं."

"काय?"

"पांढरं कोकरू हुतं, तीन दिसांचं. मानसांना भ्यालं आन् मागंच ऱ्हायलं. सायेब म्हनलं, मागं बघू नगं. आता न बघून कसं चालंल? म्या थांबलो. ते पळत आलं, मग म्या गेलो."

सोनमने घाईघाईने पिशवीतून फोन काढला. "सर, तो डाग! खालच्या कोपऱ्यातला पांढरा डाग! फीत खराब झाली म्हणून मी तो पुसणार होते. या आठवड्यातच पुसणार होते."

अंगणात लख्ख ऊन पडले होते. फोनवर काही दिसेना. तेव्हा हरणाबाईने मला उचलले आणि फोनभोवतीच्या डोक्यांवरून टाकले. माझ्या खाली अंधार झाला. म्हातारा, म्हातारी, सर, सोनम अशी चार डोकी एकमेकांना लागली आणि मध्ये तो छोटा उजेड. त्या उजेडात मी आमचा माळ पाहिला. आभाळ केवढे मोठे होते! त्याखाली एक काळी आकृती चालत होती आणि तिच्या खांद्यावर चांदणी होती. ती मी होते. आयुष्यभर मी आप्पासोच्या पाठीवर राहिले, पण मला पांघरल्यावर तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हते. मित्रांनो, तो एखाद्या राजासारखा दिसत होता.

आकृती थांबली. तिने मागे पाहिले. खालच्या कोपऱ्यातून एक पांढरा ठिपका उड्या मारत आला आणि तिच्या पायाशी गेला.

"हे बघ, हे बघ, आलं बघ!" आप्पासो ओरडला. अडतीस वर्षांनी त्याने आपला भाग पाहिला, आणि पाहिले काय, तर कोकरू. सर रडत होते. बारा पानांपेक्षा हे फार मोठे आहे, असे काहीतरी ते पुटपुटले. हरणाबाई एकटीच शांत होती. ती म्हणाली, "मी म्हनत हुते न्हवं?"

मला सांगलीला काचेच्या पेटीत ठेवावे, असा मंडळाचा विचार होता. हरणाबाईने तो एका वाक्यात मोडला. "आन् ह्यास्नी थंडी वाजली म्हंजी? काच पांघरू काय?"

त्यामुळे मी मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला आप्पासोच्या खांद्यावर बसून गेले. गावातली वीसेक माणसे जीप करून आली होती, टपरीवालासुद्धा. या मेळाव्यात दरवर्षी शेवटी सगळे उभे राहतात आणि मालिकेत काम केलेल्यांची नावे मोठ्याने वाचली जातात. यातले बरेच जण आता हयात नाहीत. 'ग्रहवासी' म्हटले की वाचणारा थांबतो आणि सारे सभागृह एक श्वासभर गप्प राहते. कोऱ्या जागेचा मान म्हणून.

यंदा नावे सोनम वाचत होती. "ग्रहवासी," ती म्हणाली आणि थांबली. सगळे गप्प झाले. मग तिने वाचले, "आप्पासो बिरू काळेल."

आप्पासोला ती रीत माहीत नव्हती. नाव पुकारले म्हणजे हजेरी, असे त्याला वाटले. तो म्हणाला, "हाय. हितंच हाय मी."

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मला सांगता येणार नाही. टपरीवाला सगळ्यात पुढे उभा राहून वाजवत होता, आणि त्याचे डोळे ओले होते. सरांनी आप्पासोला व्यासपीठावर बोलावले. तो मला पांघरून मधल्या वाटेने निघाला आणि अर्ध्यावर थांबला. थांबून त्याने मागे वळून पाहिले. टाळ्या एकदम बंद पडल्या. सभागृहातल्या प्रत्येकाने ते पाहणे शेकडो वेळा पाहिले होते.

मागे हरणाबाई राहिली होती. तिचे गुडघे दुखतात, तिला भराभर चालता येत नाही. ती लुगडे सावरत, पुटपुटत त्याच्यापर्यंत आली. मग ती दोघे पुढे गेली.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, एवढे माझ्यासाठी पुरे. पण तुमच्याही घरात कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, किंवा सांगून सांगून आता गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. पुढे जाताना एकदा थांबा आणि मागे कोण राहिले आहे ते पाहा.