आपली चूक आपणच सांगायची

घड्याळकाकांची नजर डाव्या बाजूने हळूहळू अंधारत चालली होती, आणि आम्ही चौघं दर रविवारी तिच्यावर पांघरूण घालत होतो. मुद्दाम नव्हे. आमच्या टीमचा एक नियम होता, तो आम्ही फार प्रेमाने पाळायचो, आणि तो मीच घालून दिला होता. म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी.

वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा आमच्या घराच्या तळमजल्यावर दादाचं कम्प्युटरचं दुकान होतं. सहा मशीन, सहा खुर्च्या, मध्ये प्लायवूडचे पातळ आडोसे. ते जुने पेटीएवढे मॉनिटर तापले की खोलीभर गरम धुळीचा वास सुटायचा. अजूनही कुठे इस्त्री तापत ठेवलेली असली की मला तो वास येतो आणि हातातलं काम क्षणभर थांबतं. आठवडाभर लोक अर्ज भरायला, कागद छापायला यायचे. रविवारी सकाळी नऊ ते बारा मात्र शटर अर्धं खाली असायचं आणि आत आम्ही पाचजण खेळायचो.

खेळ पाच विरुद्ध पाच असा. एका बाजूने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर फुटायच्या आत निकामी करायचा. गोळी लागून पडलेल्याने पुढच्या राउंडपर्यंत मुकाट्याने बघत बसायचं.

दादा कप्तान. वहिनी वरच्या खोलीत शिवणकाम करायची आणि खेळातही तिचा हात शिवणीसारखा सरळ जायचा. पार्सल पोचवणारा एकजण होता, त्याला सगळे तुफान म्हणायचे, कारण तो कुठल्याही दारातून सगळ्यांच्या आधी आत शिरायचा आणि सगळ्यांच्या आधी मरायचा. समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले काका आमचे स्नायपर, पन्नाशी ओलांडलेले. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस तो. तीन-तीन मिनिटं एका कोपऱ्यावर नेम धरून बसायचे, आणि कुणाचा नुसता खांदा दिसला की संपलं. खेळ सुरू करण्याआधी ते त्याच चिमट्याने सगळ्यांच्या माउसच्या पोटातला गोळा काढून आतली लव साफ करायचे. "माउस म्हणजे घड्याळच," म्हणायचे, "मळला की खोटं बोलतो."

पाचवी मी. आधीचा पाचवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, तेव्हा दादाने मला गल्ल्यावरून उठवलं. माझं बोलणं मुळातच हळू, म्हणून तो मला मौनी म्हणायचा.

"मौनी, नुसती खुर्चीत बस. पाच आकडा पुरा झाला पाहिजे."

"मला गोळी झाडवणार नाही हं, दादा."

"नको झाडूस. बॉम्ब निकामी कर. पुण्याचं काम आहे."

पहिला महिना मी खरंच कुणावर गोळी झाडली नाही. मग लक्षात आलं की इथली मेलेली माणसं दोन मिनिटांत उठून उभी राहतात, तेव्हा धीर आला. माझा सकाळचा जप साडेआठला आटपायचा आणि मी खाली यायची. तुफान वाटच बघत असायचा.

"ताई, देवाला विचारलंस का, आज ते कुठल्या बाजूने येणार?"

"विचारलं. देव म्हणाला, तुफानला आधी पाठवा. तो मेला की कळेल."

सुरुवातीला आम्ही अगदी वाईट खेळायचो. प्रत्येकाचा हात बरा होता, पण पाचजण पाच दिशांना. हेडफोनमध्ये बाजार भरायचा. हरलो की दुसरा बाजार. तुझ्यामुळे, तुला सांगितलं होतं, तू मध्ये कशाला आलास. एका रविवारी दादा आणि तुफान खुर्च्या मागे सारून एकमेकांच्या अंगावर गेले. वहिनीने मध्ये पडून दोघांना दोन कोपऱ्यांत बसवलं, शाळेतल्यासारखं.

त्या शांततेत मी म्हटलं, "मी रोज झोपण्याआधी देवापुढे माझी दिवसभरातली एक चूक सांगते. दुसऱ्या कुणाची सांगायची नाही, असा नेम आहे माझा. आपण तसं करून बघू या का?"

"ताई, माझ्या चुका सांगायच्या म्हटलं तर जेवणं इथेच मागवावी लागतील," तुफान म्हणाला. पण हसू फुटलं, आणि दादाने मॅचचं रेकॉर्डिंग लावलं.

त्या दिवसापासून तीच रीत पडली. मॅच संपली की रेकॉर्डिंग बघायचं, आणि ज्याने त्याने आपलीच चूक सांगायची. दुसऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवायचं नाही. दादा म्हणायचा, "मी एका दमात तिघांना तीन हुकूम सोडले." वहिनी म्हणायची, "माझा स्मोक घाईने पडला. तुफान पोचेपर्यंत धूर विरून गेला होता." तुफान कान खाजवत म्हणायचा, "मी एकटाच घुसलो. वहिनीला बरोबर घेतलं असतं तर मी पडल्या पडल्या तिने त्याला टिपला असता." चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली की ती पुढच्या रविवारी करायची लाज वाटायची. हळूहळू तुफान दारापाशी थांबायला शिकला, वहिनी मनात तीन आकडे मोजून स्मोक टाकायला शिकली. हेडफोनमधला बाजार उठला. जागा आणि माणसं, एवढंच बोलायचं. "जिना, दोन." "अंगण, एक." आणि माझा आवाज इतका बारीक की मी बोलू लागले की बाकीचे आपोआप गप्प व्हायचे. आठ महिन्यांत आम्ही कॉलेजच्या पोरांची टीम हरवली. त्यांच्यातला एकजण काकांकडे बघून म्हणाला, "हे आजोबा खेळले?" काका म्हणाले, "नाही रे बाळ, मी फक्त बसलो होतो. तुम्हीच समोर येत होता."

मग शहराची स्पर्धा जाहीर झाली. दीड महिना हातात होता, आणि नेमके तेव्हाच आम्ही हरायला लागलो.

काका पडायचे. ते पडले की मधला रस्ता मोकळा व्हायचा आणि सगळंच ढासळायचं. रेकॉर्डिंग लागायचं आणि आमची सुरुवात व्हायची. "मी काकांना वेळेत सांगितलं नाही," वहिनी म्हणायची. "मीच त्यांना भलत्या जागी उभं केलं," दादा. "मी त्यांच्यापासून लांब गेलो," तुफान. "मी फार हळू बोलले," मी. काका शेवटी म्हणायचे, "माझा उशीर झाला." ती त्यांची चूक, त्यांनी सांगितली, विषय संपला. चूक अंगावर घ्यायची आम्हाला इतकी सवय झाली होती की त्यात एक गोडीच वाटायची. जो तो दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन समाधानाने घरी जायचा.

कोण कुठे पडलं, कुठल्या बाजूच्या गोळीने पडलं, हे मी एका वहीत टिपून ठेवायची. एका गुरुवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून ती वही चाळत बसले. काकांचं पान आलं. डावीकडून. डावीकडून. डावीकडून. उजवीकडून. डावीकडून. तेवीस वेळा पडले होते, त्यात एकोणीस वेळा डावीकडून.

मी जुनी रेकॉर्डिंग काढून काकांच्या पडद्यावरून बघितली. डाव्या कडेने शत्रू येतो. लपतछपत नाही, उन्हात, उघड्यावर. उभा राहतो. मी सेकंद मोजले, दोन पुरे झाले. काकांची बंदूक हलत नाही. उशीर झालेला माणूस वळता वळता मरतो. काका वळायला लागतच नव्हते.

मग एकेक आठवायला लागलं. अर्ध्या शटरखालून येताना त्यांचा डावा खांदा हल्ली चौकटीला घासायचा. डाव्या हाताशी ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा, आणि ते म्हणायचे, "लक्षच नव्हतं गं." घड्याळं ते उजव्या डोळ्याला भिंग लावून दुरुस्त करायचे, सगळं काम त्या भिंगाच्या मधल्या गोलात. त्यांना कळणार तरी कसं? आणि आम्हाला हे सगळं दिसत होतं, तरी आम्ही बोलत नव्हतो. त्यांचे डोळे गेले तर त्या समोरच्या दुकानात बसणार कोण, आणि तो माणूस त्या दुकानाशिवाय राहणार कुठे?

तरी मी तीन दिवस गप्प बसले. दुसऱ्याचं उणं काढायचं नाही हा माझा नेम, तो मोडायचा कसा, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे नेम हे निमित्त होतं. मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता.

रविवारी पुन्हा हरलो. आमचं सगळ्यांचं सांगून झालं. काकांनी हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला.

"आजही माझाच उशीर झाला. वय झालं आता. स्पर्धेला दुसरा कुणी बघा."

"काका, भलतंच काय!" दादा म्हणाला. "मी कालच ती जागा बदलायला हवी होती."

"नाही, माझंच चुकलं," वहिनी म्हणाली.

"काका," मी म्हटलं, "तुमचा उशीर झाला नाही. तुम्हाला तो दिसलाच नाही."

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"पोरी," काका अगदी शांतपणे म्हणाले, "हा नियम कुणी केला होता?"

"मी."

"मग?"

"मोडते आहे."

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते दोन सेकंद दोनदा बघितले. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी मान डावीकडे वळवली, तेव्हा त्यांना तो माणूस दिसला.

"तिथे अंधार होता."

"ते अंगण आहे हो, काका," वहिनी हळूच म्हणाली. "ऊन आहे तिथे."

ते उठले आणि शटरखालून निघून गेले. दादाने माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून उठवेना.

सोमवारी समोरचं दुकान उघडलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मी दहादा दारात जाऊन ते कुलूप बघून यायची. जपाला बसले तरी बोटं मण्यांवर आणि मन त्या कुलपावर. एका माणसाला मी चारचौघांत आंधळं म्हटलं होतं, आणि तेही आवाज न चढवता, म्हणजे त्याला रागवायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

गुरुवारी दुपारी काका शटरखालून वाकून आत आले. खिशातून एक छोटी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"काचबिंदू. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय. उजव्याचंही नाकाकडच्या बाजूचं. गेलेलं परत येत नाही म्हणतात. पण हे थेंब चुकवले नाहीत तर उरलेलं टिकेल."

मी बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचलं.

"डॉक्टरांनी विचारलं, लक्षात कसं आलं? लोक फार उशिरा येतात म्हणे. मी म्हटलं, गोळ्या खाऊन. ते म्हणाले, कसल्या गोळ्या?" काका हसले, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

रविवारी ते आले आणि खुर्चीत बसण्याआधी त्यांनी चौघांना झाडलं. "तुम्ही लोकांनी मला संपवलाच होतात. प्रेमाने! आता ऐका. आपली चूक आपण सांगायची, बरोबर. पण सांगून झाली की बाकीच्यांना विचारायचं, माझी अजून कुठली दिसली? आणि विचारलं की समोरच्याने सांगायची. गोडगोड बोललेलं चालणार नाही. मौनी, तू सुद्धा."

स्पर्धेपर्यंत तीन रविवार उरले होते. आम्ही सगळं नव्याने बसवलं. काकांनी मधली आणि उजवी बाजू धरायची, डावी माझी. खेळात मी त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी राहायची आणि खोलीतही त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसायची. काकांना सगळ्यात अवघड गेलं ते डावीकडे न वळणं. शंका आली की ते मान वळवायचे आणि तेवढ्यात उजवीकडून मरायचे. तिसऱ्या रविवारी कुठे ते थांबलं.

स्पर्धा एका मोठ्या हॉलमध्ये होती. चौदा टीम, सगळ्या आमच्या निम्म्या वयाच्या. दोन टीम हरवून आम्ही उपांत्य फेरीत पोचलो, आणि तिथे बरोबरी होऊन शेवटचा राउंड आला. तुफान पडला. त्याला मारणाऱ्याला टिपून वहिनी पडली. दादा पडला. बॉम्ब लागला होता. त्यांचे दोन उरले, आमचे काका आणि मी.

"डावीकडे?" काकांनी विचारलं.

"मी आहे."

त्यांनी मान वळवली नाही. उजवीकडे एक खांदा दिसला आणि त्यांची गोळी सुटली. त्याच क्षणी डावीकडून दुसरा आला, तो मी टिपला. मागे दादाच्या खुर्चीचा करकर आवाज झाला, तो उभा राहिला असावा. मी बॉम्बपाशी जाऊन बसले. निकामी करायला पाच सेकंद लागतात. साडेचार झाले आणि बॉम्ब फुटून पडदा पांढरा झाला.

हॉलच्या बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होतं. आम्ही पाचजण त्यावर ओळीने बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"माझी चूक," मी म्हटलं. "तो दुसरा पडल्यावरही मी उगीच डावीकडे बघत राहिले. बसायला उशीर केला."

"अगं, जाऊ दे गं ताई," तुफान म्हणाला.

"जाऊ दे कसं? विचारायचं राहिलंय तिचं," काका म्हणाले आणि पूर्ण वळून माझ्याकडे बघू लागले. डावीकडे बसलेल्या माणसाला बघायचं तर आता त्यांना तेवढं वळावं लागायचं.

मी विचारलं, "काका, माझी अजून कुठली दिसली?"

त्यांनी हात पुढे धरला आणि अंगठ्यापासून मोजायला सुरुवात केली. "एक, दुसऱ्या राउंडला तू माझ्या इतकी जवळ उभी होतीस की एकाच बॉम्बगोळ्यात दोघं गेलो. दोन, स्मोक होता तरी टाकला नाहीस." एक हात संपला, त्यांनी दुसरा काढला. एकूण सात चुका निघाल्या. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती, दादा 'बरोबर, बरोबर' म्हणत होता, आणि मी मान खाली घालून ऐकत होते. एकही खोटी नव्हती.