दीपमालाचा डावा हात

दीपमालानं सकाळपासून डावी मूठ मिटूनच ठेवली होती. भाकरी एका हातानं थापली, ती काठाला चिरली. सासू सुंदरबाईनं चिरलेली भाकरी बाजूला सारली आणि पोरासाठी दुसरी स्वतः थापली.

सुंदरबाई आमची पाली गावातली शेजारीण. तरणेपणीच रांडवलेली. प्रविण एकुलता एक, त्याला गेल्या साली दीपमाला करून आणली. मागच्या बाजाराला चौसाळ्यात एक कुडमुड्या जोशी बसला होता. बाप-आज्यापासून हात बघायचा धंदा. पाळणा कधी हालतो ते विचारावं म्हणून सुंदरबाईनं सुनंला पुढं बसवलं. बाईचा डावा हात बघतात. जोश्यानं तळवा उन्हाकडं फिरवला, अंगठ्याखालचा उंचवटा दाबला आणि आवाज बारीक करून म्हणला, "मावशे, ह्या हातावर कुंकू टिकायचं न्हाई. रेघ तुटल्याली हाय."

तवापासून सुंदरबाई सुनंच्या हातचं पाणी पोराला पिऊ देईना. अंथरुणं वेगळी केली. आणि दीपमालाला सासूपेक्षा आपल्याच हाताची दहशत बसली. प्रविण नुसता शिंकला तरी ती मूठ आणखी आवळायची.

"तू कावून मनावर घेतीस?" प्रविण म्हणायचा. "त्याला त्याचं पोट हाय."

"तुमाला काय झालं म्हंजी?"

"मला काय व्हतंय."

त्या दिवशी रानातल्या विहिरीवरची मोटर पाणी ओढंना. पाइपाच्या तोंडाला पाला अडकला होता आणि कापूस माना टाकाय लागला होता. प्रविणनं कमरंला दोर बांधला, दुसऱ्या टोकाचा विहिरीकाठच्या लिंबाच्या बुंध्याला एक येढा दिला आणि आईच्या हातात दिला.

"दीपे, तू लांब थांब," सुंदरबाई म्हणली. "दोराला हात लावू नकू."

दीपमाला बांधाला जाऊन उभी राहिली. प्रविण कपारीत पाय टेकवत उतरत गेला. थोड्या वेळानं दगड निसटल्याचा आवाज आला आणि दोर एकदम ताठ झाला. सुंदरबाई फरपटत बुंध्यावर आदळली. खाली प्रविण लोंबकळत होता, डोकं कपारीला आपटलेलं. हाक मारली तरी ओ देईना.

दोर म्हातारीच्या हातातनं इंचइंच सरकाय लागला. रानात दुसरं माणूस नव्हतं. तिनं सुनंकडं बघितलं. दीपमाला जाग्यावरच उभी होती, मूठ छातीशी धरून.

"आत्या, माझा हात लागला तर..."

"धर गं," सुंदरबाई म्हणली. "मेला तरी धर."

दीपमालानं मूठ सोडली. दोघींनी बुंध्याला पाय लावून ओढलं, दोर जरा वर आला की येढा आवळायचा, दम घ्यायचा, परत ओढायचं. तळहाताची सालटी निघाली. कधीतरी प्रविणला शुद्ध आली, त्याचा पाय कपारीत टेकला आणि दोराचा भार हलका झाला.

घरी आणून त्याला निजवलं. कपाळाला खोक पडली होती, पण बोलत होता. सुंदरबाई उंबऱ्यात बसून सुनंच्या तळव्याला हळद लावत होती.

"माझं लगीन ठरलं तवा माझा बी हात बघितला व्हता," ती म्हणली. "जोशी म्हणला, पोरीला अखंड सौभाग्य हाय. माझ्या आईनं त्याला लुगडं-धोतर केलं. प्रविण पोटात असतानाच त्याचा बाप गेला."

दीपमालानं हळदीचा हात मागं घेतला. "मग मला कावून न्हाई सांगितलं, आत्या?"

"भ्या वाटलं, पोरी. एक जोशी खोटा निघाला म्हणून दुसऱ्याचं भ्या वाटायचं ऱ्हातंय व्हय?"

आत प्रविण कण्हत होता. दोघी उंबऱ्यातच बसून राहिल्या. त्याचं कण्हणं कानावर पडत होतं, तवर दोघींना बरं वाटत होतं.