धावदोऱ्याची वाट

या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा अशी अपेक्षाही नाही. थोरली समोरच बसली आहे, गिऱ्हाइकाच्या पडद्याची किनार दुमडत. पण तिला विचारू नका. ती खरं बोलणाऱ्यांतली. तिच्यापायी कितीतरी चांगल्या गोष्टी वाया गेल्या आहेत.

तर थोरली कापडाचे देखावे शिवायची. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि उरल्या चिंध्यांतून डोंगर, तळी, आभाळ उभं करायचं. तिचे ढग इतके हुबेहूब की ते पाहून शेजारीण वाळत घातलेले कपडे काढायला धावायची.

सगळ्यांत मोठी गोधडी होती ती मागच्या दारातून दिसणाऱ्या देखाव्याची: नदी, पलीकडे डोंगर आणि डोंगरावरची वाट. डोंगराला हवा तसा हिरवा रंग कुठे मिळेना, म्हणून तिने आईचा कोट कापला. धाकट्या बहिणीला न विचारता.

“आई काय तुझ्या एकटीची होती?” धाकटी म्हणाली.

“कपाटात कसर लागत होती, त्यापेक्षा बरं!”

जिभेला हाड नसतं, बोलून गेली. धाकटीने पिशवी उचलली आणि त्याच वाटेने डोंगरापलीकडे गेली.

तेव्हापासून थोरली चहा दोघींचा टाकायची. दुसऱ्या कपावर बशी झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तो थंडगार चहा स्वतःच प्यायची.

एकदा इस्त्रीवाले काका गोधडी बघून म्हणाले, “अगं वेडे, वाट धावदोऱ्याने शिवलीस? मग पोरगी धावत सुटणार नाही तर काय! उलटी टीप घाल. त्यात सुई प्रत्येक टाक्याला मागे वळते. माणूसही वळेल.”

काकांनी चेष्टा केली, थोरलीने मनावर घेतली. सगळी वाट उसवून उलट्या टिपेने पुन्हा शिवली.

दुसऱ्या दिवशी डोंगरमाथ्यावर मोहरीएवढा ठिपका. तिला वाटलं, दोऱ्याची गाठ. नखाने खरवडली, तर गाठ शिंकली!

ठिपका रोज थोडा खाली उतरू लागला. वाटाण्याएवढा झाला. मग त्याला पिशवी आली, मग ती पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर. डावा पाय किंचित ओढत चालायची ती ढब थोरलीने लाखांत ओळखली असती. गोधडीजवळ ती श्वास सोडायलाही भ्यायची. न जाणो, तिकडे वारा सुटायचा.

ठिपका नदीकाठी येऊन थांबला. निळ्या साटीनची नदी दुथडी भरून वाहत होती, आणि पूल शिवायचाच राहिला होता. थोरलीने घाईघाईने चिंध्या जोडल्या. लावावी ती चिंधी भिजून बुडायची. शेवटी तिने स्वतःचा कोट काढला, त्याची बाही कापली आणि या काठापासून त्या काठापर्यंत ताणून टाचली. बाही तरली. इतक्यात मागच्या दारावर टकटक. उघडते तर दारात धाकटी, पावलं ओली, आणि म्हणते कशी, “कसला गं भिकार पूल! मधलं बटण तरी काढायचंस, ठेच लागली ना मला!”

“खोटं.”

थोरलीने पडद्यावरून मान वर केली नाही.

“माझ्या कोटाला दोन्ही बाह्या आहेत. आणि वाटेवर अजून कुणी नाही. मी रोज बघते.”