बुधवारचं अपडेट

“कामापेक्षा बोलतेच जास्त हे,” प्रियदर्शनी माझ्या कानाशी पुटपुटली. किसनरावांना ऐकू जाऊ नये इतपत हळू, पण ते दोन हातांवर बसलेले आणि कान त्यांचे शाबूत.

बोलत होता तो कॉम्प्युटर, पडद्यावर ओळीमागून ओळ लिहून. अमरावतीत आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथे तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स. किसनराव तारघरातून रिटायर झाले, मग पुस्तकं वाचून हे शिकले, आणि त्यांच्या शेजारी बसून मी. माझं मूळ काम खोली उघडायची, झाडायची, चहा करायचा. दर बुधवारी ते पहिल्या मशीनवर अपडेट लावतात, आणि ते संपेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही हा त्यांचा नियम.

ते लवकर संपत नाही. आधी याद्या वाचतोय म्हणतं, मग वाचल्या म्हणतं. काय उतरवणार ते सांगतं, उतरवलं की उतरवलं म्हणून सांगतं, मग एकेक पुडकं उघडतोय, मग बसवतोय. नांदगावहून लग्नाला आलेली आत्या एसटीत जागा कशी मिळाली इथून सुरुवात करते, तसं. जन्मभर शब्द मोजून तारा पाठवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला हसू येई.

या सगळ्या बडबडीत मध्येच एक प्रश्न असतो. पुढं जाऊ का, हो की नाही. तेवढं विचारून ते गप्प बसून राहतं.

होळीच्या सुमारास एका बुधवारी ते असंच गप्प बसलं होतं, आणि किसनराव पडद्यापाशी तोंड नेऊन, ओळी सरकत असल्यासारखी मान डोलवत होते. अर्धा तास. मी चहाचा कप ठेवता ठेवता ‘हो’चं बटण दाबलं, वर एन्टर, आणि जरा खाकरले. चालू आहे ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालू आहे.

तेव्हापासून बुधवारी मी चहा घेऊन दोनदा जाते. अभ्यासाला येणारी पोरंही शहाणी. कोणी म्हणतं, आजोबा, शंभर टक्के झालं. कोणी त्यांची चप्पल नीट पायाशी आणून ठेवतं. त्याबद्दल बोलायचं मात्र कोणी नाही. बोललं असतं तर त्यांचा बुधवार गेला असता.

प्रियदर्शनी माझ्या कानाशी पुटपुटली त्या बुधवारी तिला घाई होती. शुक्रवारी अकोल्याला तिची मराठी टायपिंगची परीक्षा, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. परीक्षेत अक्षरं जुन्या टाइपरायटरच्या जागी असतात. तशी ती आमच्याकडे फक्त पहिल्या मशीनवर होती, किसनरावांनी स्वतः एक फाईल लिहून बसवलेली. पोरगी अकरापासून खोळंबली होती. अपडेट थांबलेलं दिसलं, मी चहा ठेवला, हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा थांबलं. या वेळी प्रश्नाच्या वर चांगल्या सात-आठ ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. पुन्हा हो.

एक वाजता ते संपलं. प्रियदर्शनी बसली. पहिलाच शब्द ‘अर्ज’, पण पडद्यावर भलतंच उमटलं. तिनं दोनदा पुसून पाहिलं, मशीन बंद करून चालू केलं, मग बोटं उचलून मांडीवर ठेवली.

“मावशी, अक्षरं पालटली.”

किसनरावांनी विचारलं, मध्ये त्यानं काही विचारलं होतं का. मी सांगितलं की विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं. काय विचारलं होतं, ते मात्र मला सांगता येईना. ते म्हणाले, तुमची फाईल राहू द्यायची की नवी बसवायची, असं विचारते ते. हो म्हटलं की नवी बसवते. रागावले नाहीत.

“कधीपासून हो म्हणून राहिली तू?”

“होळीपासून, काका.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला. मग सांगू लागले. जुनी फाईल ते फेकत नाही, नावाला शेपूट जोडून बाजूला ठेवते. परत आणता येते, दहा मिनिटांचं काम. कोणत्या जागी ती फाईल होती ते वरच्या ओळींमध्ये लिहिलेलं असेल, तेवढ्यासाठीच तर ते एवढं बोलते. नशीब, शेवटी त्या सगळ्या ओळी एका वहीसारख्या मशीनमध्ये साठून राहतात.

प्रियदर्शनीनं ती वही उघडली आणि झटकन उठली. सवयीनं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, पडदा त्यांच्याकडे वळवला, आणि आम्ही सगळे दर बुधवारसारखे दुसरीकडे बघायला लागलो.

ते बसले नाहीत. खुर्चीची पाठ चाचपून त्यांनी ती तिच्याकडे परत ढकलली.

“बस तू. एकेक ओळ मोठ्यानं वाच, कुठं थांबायचं ते मी सांगतो,” ते म्हणाले. “मले दिसत नाही, पोरी.”