बोलायचं लायसन

सरकारला माझ्या बायकोच्या बोलण्याची भीती वाटली, यात सरकारची काही चूक नाही. मलाही वाटायची.

माझं सायकलचं दुकान अक्कलकोट रोडला आहे. एमआयडीसीत जाणारे कामगार हवा भरायला, पंक्चर काढायला थांबतात. घर रस्त्याच्या पलीकडं, माडीवर. एकाहत्तर साली जगदेवीचं कंबरेपासून खालचं अंग गेलं, तेव्हापासून ती माडीवरच असायची. आजारानं आवाजातला जोर गेला होता, बोलण्यातला गेला नव्हता. पाणी पाहिजे, औषध पाहिजे, उशी सरकवायची आहे, असं ती खिडकीतून ओरडायची आणि ट्रकच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. मग मी गेलो की सगळ्या हाकांचं एकदम ऐकावं लागायचं.

तिचा भाऊ पंचाक्षरी मंगळवेढ्याला रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं बिस्किटाच्या डब्यात काहीतरी जोडून आणलं. डब्याचं बटण दाबून बोललं की रस्त्यापलीकडं दुकानातल्या रेडिओतून आवाज यायचा.

"मदी तार न्हाई, मग आवाज कशातनं जातो?" जगदेवीनं विचारलं.

"वाऱ्यातनं, अक्का."

"आन वारा पडल्यावर?"

पंचाक्षरीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "दाजी, तुमी कसं काढता हो दिवस?"

डबा चांगला चालला. जरा जास्तच चांगला. पंचाक्षरीच्या हिशेबानं आवाज फक्त माझ्या रेडिओत यायचा होता, पण त्या गल्लीत सांगली केंद्र लावलेला एकही रेडिओ सुटला नाही. शेतकऱ्यांना करडईच्या पेरणीची माहिती चालू असायची आणि मधेच जगदेवी बोलायची, "अवो, ऐकलं का? भात करपतोय, या."

आता आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अवो म्हणते. आणि गल्लीतल्या प्रत्येक नवऱ्याचं नाव अवो हेच. शेजारचा किराणावाला नागनाथ पहिल्याच दिवशी "आलो" म्हणून गल्ला सोडून आत पळाला. त्याची बायको मीनाबाई आत कणीक मळत होती. तिनं त्याला बोलावलंच नव्हतं.

"मग कोन बोलावतंय तुमास्नी रेडिवोवरनं?" असं म्हणत ती कणकेच्या हातानं आमची माडी चढली. भांडायला म्हणून आली आणि संध्याकाळ झाली तरी खाली आली नाही. त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींच्या झाल्या. मीनाबाई म्हणायची, "बोलावत जा बाई तू. तुज्या हाकंनं तरी माजा मानूस घरात येतोय."

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तेव्हा रेडिओ ऐकायलाही लायसन लागायचं; मी त्याचे पैसे भरायला पोस्टात गेलो आणि तिथल्या बाबूला सरळ विचारलं, की ऐकायचं लायसन तुम्ही देता, तर बोलायचं कोण देतं?

पंचाक्षरीनं कपाळावर हात मारला. "इचारलं कशाला? इचारलं की सरकारला कळतंय, दाजी!"

पण मी विचारलं होतं. बाबूनं मुंबईचा पत्ता दिला. डबा जगदेवीचा, म्हणून अर्ज तिच्या नावानं केला. मुंबईहून उत्तर आलं. यंत्राची तपासणी झाल्याशिवाय परवाना मिळणार नाही. परवाना मिळाल्याशिवाय यंत्र चालवता येणार नाही. आणि यंत्र चालवल्याशिवाय तपासणी करता येणार नाही. मी तीन वेळा वाचलं. मला वाटलं मलाच मराठी येत नाही.

शेवटी एक इन्स्पेक्टर साहेब सोलापूरला आले. पांढरा शर्ट, हातात चामड्याची बॅग. माडी चढून आले, खाटेशेजारी खुर्चीवर बसले आणि डब्याकडं असं बघितलं, जणू त्यातून पाकिस्तानच बोलतंय.

"या केंद्राचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"केंद्र कुटलं? खाट हाय ही," जगदेवी म्हणाली.

"बाई, प्रत्येक केंद्राला ओळखीची हाक असावी लागते. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, हे आधी सांगायचं. तुम्ही काय म्हणता?"

"अवो, ऐकलं का."

"हे कुणालाही लागू पडतं."

"पडलंय की," दारातून मीनाबाई म्हणाली.

साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे नाव घ्यावं लागेल. जगदेवी लाजली. तीस वर्षांच्या संसारात मी तिला एवढं लाजताना कधी बघितलं नव्हतं. मीनाबाईनं तिच्या डोक्यावर पदर ओढून दिला. तिनं बटण दाबलं आणि उखाणा घेतला,

"सायकलच्या चाकाला बारीक बारीक तारा,
धोंडिरामांचं नाव घेते, ऐकतोय गाव सारा."

खाली गल्लीत सगळ्या रेडिओंतून माझं नाव निघालं. नागनाथच्या दुकानातून शिट्ट्या ऐकू आल्या. साहेबांनी तेवढ्याच गंभीरपणे तो उखाणा कागदावर उतरवून घेतला आणि वर लिहिलं, चाचणी वाक्य.

मग त्यांनी बॅगेतून मोजायचं मीटर काढलं, आणि परत ठेवलं. त्या मीटरचीच तपासणी व्हायची राहिली होती म्हणे. तपासणी न झालेल्या मीटरनं तपासणी करणं नियमात बसत नव्हतं. मीटर तपासून येईपर्यंत त्यांनी डब्याच्या बटणावर लाख ओतली आणि शिक्का मारला. "सील तोडलंत, किंवा परवाना नामंजूर झाला, तर यंत्र जप्त होऊन नष्ट केलं जाईल," असं सांगून ते चहा न घेता गेले.

मग जगदेवी ताटलीवर चमचा वाजवू लागली. ताटलीला परवाना लागत नाही. पण ताटली वाऱ्यातून जात नाही. ट्रक गेला की संपली.

पावसाळ्याच्या शेवटी, एका दुपारी, मी जेवायला माडीवर गेलो तेव्हा ती गेलेली होती. चमचा खाली पडला होता. तिनं वाजवलं की नाही, मला माहीत नाही. साखर कारखान्याची यंत्रं घेऊन ट्रेलर चालले होते सकाळपासून. सील शाबूत होतं. मी नियम पाळला होता.

डबा मी खाटेशेजारीच ठेवला. त्याच्या बटणाजवळ तिच्या बोटाला लागलेल्या हळदीचा डाग आहे, लाखेखाली गेला नाही तेवढा. मला घरातलं दुसरं काही नको होतं, पण तो डबा कुणी न्यायला नको होता.

संक्रांतीनंतर साहेब आले. मीटरची तपासणी झाली होती. मी जिन्यातच उभा होतो. अर्जदार मयत म्हटलं की अर्ज संपला आणि डबा गेला, हे पोस्टातल्या बाबूनं मला आधीच सांगितलं होतं. खोटं बोलायला तोंड उघडेना, खरं बोलायलाही उघडेना.

"बाई कुठायत?" साहेबांनी विचारलं.

मीनाबाई खोली झाडत होती. ती म्हणाली, "गेल्या."

"कुठं गेल्या?"

"गेल्या की."

"परत कधी येणार?"

"तसं काय सांगून न्हाई गेल्या, सायेब."

साहेबांनी मान वर केली. भिंतीवर जगदेवीचा फोटो होता, त्याला हार होता. ते फोटोकडं बघत राहिले. मग पेनचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "अर्जदार बाहेरगावी. तपासणी यंत्राची असते, माणसाची नसते." मीनाबाईनं पदर तोंडाला लावला.

त्यांनी लाख फोडली, मीटर घेतलं आणि रस्ता ओलांडून माझ्या दुकानात जाऊन बसले. जाताना मला उखाण्याचा तो कागद दिला. "हेच वाक्य म्हणा. दुसरं चालणार नाही."

मी खाटेवर बसलो. बटण दाबलं. आधी "अवो, ऐकलं का" म्हणालो, कारण ती म्हणायची. मग उखाणा वाचला. सायकलच्या चाकाला बारीक बारीक तारा. माझंच नाव मी घेतलं. गाव सारा म्हणेपर्यंत आवाज फाटला, आणि खाली गल्लीतल्या सगळ्या रेडिओंतून तो तसाच फाटका निघाला. या वेळी कुणी शिट्टी वाजवली नाही. नागनाथ तेवढा गल्ला सोडून बाहेर आला आणि माडीकडं बघून म्हणाला, "ओ."

साहेब वर आले. "स्पष्ट ऐकू आलं," म्हणाले. या वेळी चहा घेतला.

महिन्याभरात परवाना आला, जगदेवीच्या नावानं, शिक्क्यासकट. अट एकच. हे यंत्र परवानाधारकानं स्वतःच चालवायचं, दुसऱ्या कुणी त्यावर बोलल्यास गुन्हा.

मी डब्याला हात लावत नाही. दर रविवारी पुसतो तेवढं. दुकानातला रेडिओ मात्र सकाळी उघडल्यापासून चालू असतो, सांगली केंद्रावर. नागनाथ म्हणतो, "धोंडिराम, बंद कर की, गिऱ्हाइकाचं बोलनं ऐकू येत न्हाई."

मी म्हणतो, राहू दे. बोलायचं लायसन तिच्या नावावर आहे. ऐकायचं माझ्या.